चुड्याखालची पट्टी

कळमनुरीत मी ईसीजी काढायची नोकरी धरली तेव्हा हिंगोली वेगळा जिल्हा झालेला नव्हता, आम्ही परभणीचेच होतो. मी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले होते आणि शिक्षिकेच्या जागेची वाट बघून बघून कंटाळले होते. बसस्टँडच्या मागे एका डॉक्टरांचा दवाखाना होता. त्यांनी ईसीजीचं मशीन घेतलं होतं आणि बायकांच्या छातीला वायरी लावायला त्यांना कुणी बाईच हवी होती. वडील म्हणाले, विज्ञानाचंच काम आहे, जा. मी गेले आणि पुढची बारा-तेरा वर्षं तिथेच राहिले.

ते जुनं मशीन ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. हृदय दर ठोक्याला थोडीशी वीज सोडतं आणि ती कातडीपर्यंत येते. तिथून ती उचलायची तर धातू कातडीला टेकवावा लागतो. मनगटांना आणि घोट्यांना मोठे चिमटे, छातीवर रबरी फुगे असलेल्या वाट्या. फुगा दाबून सोडला की वाटी कातडीला धरायची. मध्ये थोडं मलम. मग गरम सुई कागदावर रेघ ओढत जायची. माणूस मुकाट्याने पडून राहिला तर दोन-तीन मिनिटांत काम उरकायचं. तो खोकला, हलला, घामेजला की चिमटा सरकायचा, वाटी निसटायची आणि रेघ सैरावैरा धावत सुटायची. मग मी पेशंटवर ओरडायचे. मला राग लवकर येतो, हे घरी आणि दवाखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं.

ती बाई आली ती हळद शिजवायच्या दिवसांत. डोंगरकडा गावाच्या अंगाला बंजाऱ्यांचा एक तांडा आहे, तिथली. वय पंचेचाळीस-पन्नास, अंगाने काटक. दरसाल नवरा-बायको कुरुंद्याकडे हळदीच्या कामाला जायची. त्या वर्षी हळद शिजवायच्या काहिलीपाशी उभी असताना तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती कोसळली. उकळतं पाणी हातभर अंतरावर होतं. त्याआधी आडावर पाणी ओढताना एकदा अशीच पडली होती. दोन्ही वेळा लगेच उठून बसली, जणू काही झालंच नाही. डॉक्टरांनी तिची नाडी बराच वेळ धरून ठेवली. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले की हिचं हृदय मधूनच थांबत असावं असा संशय आहे, पण ते थांबताना कागदावर सापडल्याशिवाय मोठ्या दवाखान्यात कुणी हात लावणार नाही. आणि पुढच्या वेळी ती काहिलीच्या बाहेर पडेल की आत, याची काही खात्री नव्हती. काम सोडून घरी बसणं तिला जमण्यासारखं नव्हतं.

मी चिमटे घेऊन तिच्यापाशी गेले आणि थबकले. मनगटापासून कोपरापर्यंत बांगड्या, कोपराच्या वर दंडभर पांढरा चुडा. पूर्वी तो हस्तिदंती असायचा म्हणतात, तिचा प्लास्टिकचा होता. पायांत जाड वाळे. चिमटा लावायला कातडी म्हणून दिसत नव्हती. मी साबणाची वडी आणली आणि सरळ सांगितलं, मावशी, हातातलं सगळं काढा, दोन मिनिटांत परत घाला.

ती रागावली नाही. भर पंगतीत भलतंच बोललेल्या लेकराकडे बघावं तसं तिने माझ्याकडे बघितलं. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या चिठ्ठीची घडी केली, ती दंडावरच्या चुड्यात खोचली आणि उठून बाहेर गेली. बाहेर बाकावर नवरा बसला होता. त्याच्याशी ती त्यांच्या बोलीत दोन वाक्यं बोलली. तो दारात आला. उंच, वाळलेला माणूस, डोक्याला लाल पटका.

"बाई," तो म्हणाला, "कोपराच्या वरचा चुडा नवरा मेल्यावरच निघतो. मी तर हितंच बसलेलो हाय."

आवाजात भांडण नव्हतं. मला माहीत नसावं म्हणून सांगितलं, एवढंच. दोघं निघून गेली.

डॉक्टर मला फार बोलले नाहीत. चिमटे नाहीत तर वाट्या खांद्यांवर लावून दोन मिनिटांची रेघ काढता आली असती, एवढंच म्हणाले. पण दोन मिनिटांनी भागणारच नव्हतं. त्यांच्याकडे शहरातून आणलेला एक जुना डबा होता, त्याच्या पडद्यावर हिरवा ठिपका हृदयाबरोबर उड्या मारत पळायचा. वायरी टिकल्या तर त्यावर तासन् तास बघता येत असे, आणि बटण दाबलं की कागदावर रेघही निघायची. वायरीच टिकत नव्हत्या. वाट्या अर्ध्या तासात लाल वळ उठवून गळून पडायच्या. शहरातून चिकटपट्ट्या मागवल्या होत्या, त्या आमच्याकडच्या मार्चच्या घामात तासाभरात सुटून आल्या. त्याआधी एका पेशंटची रेघ एकदम सपाट झाली म्हणून डॉक्टर जेवणावरून उठून धावत आले होते, तर पेशंट खुशाल चहा पीत बसलेला आणि वाटी गादीवर पडलेली. तेव्हापासून सपाट रेघेवर त्यांचा विश्वास उरला नव्हता. मला विचाराल तर रोगाइतकीच वाईट गोष्ट ती होती.

मी मात्र चिडलेलीच होते. आमचं घर बौद्ध, वडील मास्तर. असल्या रूढींना आमच्या घरात थारा नव्हता आणि त्याचा मला अभिमान होता, आजही आहे. पण त्या दिवशी अभिमानाने माझ्या डोक्यात जे केलं त्याची मला लाज वाटते. मी मनात म्हटलं, प्लास्टिकच्या बांगड्यांपायी मरायचं असेल तर मरा. असं मी म्हटलं, एका माणसाबद्दल, आणि चार दिवस तसंच म्हणत राहिले.

चौथ्या दिवशी मशीनची सुई तापेना म्हणून उस्ताद आले. त्यांचं बाजारात टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं आणि सगळं गाव त्यांना उस्तादच म्हणायचं. आमचं मशीन बिघडलं की कंपनीचा माणूस नांदेडहून यायला पंधरा दिवस लागायचे, उस्ताद पंधरा मिनिटांत यायचे. वय साठीच्या आसपास, नाकाच्या टोकावर चष्मा, बोटांना कायम सोल्डरचा डाग देण्याच्या राळेचा वास. मशीन खोटी रेघ काढतं अशी मी एकदा तक्रार केली होती, तेव्हा म्हणाले होते, "मशीन झूट नहीं बोलती बेटी, उसके हातां झूट बोलते." म्हणजे चिमटे आणि वाट्या. मी ते तेव्हा कानाआड केलं होतं.

त्या दिवशी मी त्यांना चुड्याची सगळी हकिकत ऐकवली, चांगली तिखटमीठ लावून. ते मान खाली घालून डाग देत होते. माझं संपल्यावर त्यांनी एकच विचारलं, डॉक्टरांची चिठ्ठी तिने कुठे ठेवली. मी म्हटलं, चुड्यात खोचली. मग त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"चिठ्ठी जाती, तो बिजली भी जाती," ते म्हणाले. "चुडा आपला दुश्मन नहीं बेटी. चुडा पट्टा है."

मला ते कळायला एक क्षण लागला. मी ज्याला अडथळा म्हणत होते, त्याच्यात त्यांना आवळून धरणारा पट्टा दिसला होता. कागदासारखी पातळ, वाकणारी, वीज नेणारी एखादी पट्टी चुड्याखाली सरकवली तर चुडाच ती दिवसभर दाबून धरील. इतकी शिकलेली मी, आणि हे त्यांना सुचलं. हेवा वाटला, आणि हेव्याच्याही आधी आनंद झाला.

पण धातू पातळ केला तरी टोचतो, आणि रबर वीज नेत नाही. त्यावर उस्तादांनी दुकानातून एक मोडका रिमोट आणून उघडला. बटणांच्या रबराखाली काळे ठिपके होते. मीटरची टोकं त्या ठिपक्यावर ठेवली तर काटा हलला. ते रबरच होतं, आणि वीज नेत होतं. माझं रसायनशास्त्र तिथे जागं झालं: रबरात कोळशाची पूड आहे, पुडीचे कण एकमेकांना टेकलेत, त्यांच्यातून वीज जाते. मग तसं रबर आपणच का करू नये.

तीन आठवडे आम्ही त्याच उद्योगात होतो. दुपारी पेशंट कमी असले की मी त्यांच्या दुकानात जाऊन बसायचे. पहिली चूक माझी आणि ती शिकलेल्या माणसाचीच होती. मी ऐटीत सांगितलं की बॅटरीच्या सेलमध्ये काळी पूड असते तीच घ्या. ती सायकलच्या पंक्चरच्या सोल्यूशनमध्ये कालवून आम्ही पट्टी केली आणि मी स्वतःच्या हाताला बांधली. संध्याकाळपर्यंत रुपयाएवढा चट्टा उठून आग आग व्हायला लागली. सेलमधल्या पुडीत कोळशाखेरीज काय काय असतं ते मी परीक्षेत लिहून आले होते, तरी विसरले. उस्ताद दोन दिवस हसले नाहीत. तिसऱ्या दिवशी मात्र मला बघितलं की हसू आवरेना.

मग सेलच्या मधली कोळशाची कांडी घेतली. ती स्वच्छ धुऊन दवाखान्यातल्या खलात कुटायची, मलमलीतून चाळायची, पुन्हा कुटायची. कपड्यांवर, नखांत, नाकात काळं. आई म्हणायची, ईसीजीवाली आहेस की कोळसेवाली. पूड कमी पडली तर मीटरचा काटा ढिम्म, जास्त झाली तर पट्टी वाकवताच भाकरीसारखी तडकायची. आठवडी बाजारात गर्दी दाटली की इथला निरोप हातोहात तिथे पोचतो, विरळ झाली की मध्येच अडकतो, तसं हे होतं. कण दाटही हवेत आणि त्यांना वाकायला जागाही हवी. पंचवीस-तीस पट्ट्या वाया गेल्या. माझा संयम पाचव्या पट्टीलाच संपला होता. उस्ताद प्रत्येक पट्टी बोटावर गुंडाळायचे, कानाशी नेऊन तडकल्याचा आवाज येतो का ऐकायचे, आणि बाजूला ठेवून पुढची घ्यायचे. वाया गेलेल्या पट्टीला त्यांनी कधी वाईट शब्द वापरला नाही. मी माणसांनासुद्धा वापरत होते.

अखेर जमलं ते त्यांच्या एका युक्तीने. कांडीच्या पुडीत त्यांनी कंदिलाची काजळी मिसळली. ती इतकी बारीक की मोठ्या कणांच्या फटी भरून निघाल्या, आणि पूड कमी लागल्याने रबर रबरच राहिलं. ते मिश्रण ताणून बसवलेल्या मलमलीवर ओतायचं, एक्स-रेच्या जुन्या फिल्मच्या कडेने एकसारखं पसरायचं, आणि दुकानाच्या पत्र्यावर दोन दिवस उन्हात टाकायचं. सोल्यूशनचा वास पुरता गेल्याशिवाय ते पट्टीला कातडीजवळ जाऊ द्यायचे नाहीत. टोकाला पोलक्याचं टिचबटण लावलं आणि वायरीला त्याची जोडी डागली, म्हणजे टिच् करून जोडायचं, टिच् करून काढायचं.

पहिल्या चांगल्या पट्ट्या त्यांनी स्वतःच्या दंडांना बांधून घेतल्या. मी बटणं जोडली. पडद्यावर हिरवा ठिपका पळू लागला, अगदी स्वच्छ. मी त्यांना उठून बसायला सांगितलं, हात हलवायला सांगितलं, तरी ठिपका वाट सोडेना. गंमत म्हणजे घाम आला तशी रेघ आणखी साफ झाली. चिकटपट्टीला जो घाम मारत होता, तोच इथे मलमाचं काम करत होता. उस्ताद बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. "उम्रभर लोगां के पिक्चर ठीक किया," ते म्हणाले, "अपना आज देखा." माझे डोळे भरून आले आणि मी मलमाची बाटली शोधायला वाकले.

तांड्यावर मला एकटीलाच जायचं होतं. उस्ताद यायला तयार होते, पण चूक माझी होती. रविवारी जीपने डोंगरकड्याच्या रस्त्याला उतरले आणि विचारत विचारत गेले. ती दारात कशिदा काढत बसली होती, आरसे लावलेल्या पिशवीवर. मला ओळखलं, बसायला पोतं टाकलं, पाणी दिलं. मी म्हटलं, मावशी, माझं चुकलं. मी पट्टी काढून तिच्या हातात दिली आणि सगळं सांगितलं. तिने पट्टी बोटांत चोळली, नाकाशी नेली.

"टायरचा वास येऊन राहिला," ती म्हणाली.

मग माझी वाट न बघता तिने स्वतःच ती दंडावरच्या चुड्याखाली सरकवली. सुई-दोरा, गोळी, चिठ्ठी, सगळं ती तिथेच ठेवायची, त्यामुळे हाताला सवय होती. उठून आत गेली आणि उखळात मिरची कांडायला लागली. मी बाहेर ठसक्याने बेजार. पाच-सात मिनिटांनी आली, हात पुढे केला. पट्टी तसूभरही हललेली नव्हती. मी येईन, ती म्हणाली, पण चुड्याला माझ्याशिवाय कुणाचा हात लागायचा न्हाई. मी कबूल केलं. नवरा कडेला बसून ऐकत होता. त्याला विचारलं तर म्हणाला, ती म्हणंल ते.

तीन दिवस ती दोघं सकाळच्या गाडीने यायची आणि संध्याकाळच्या गाडीने जायची. कुरुंद्याचं काम तेवढे दिवस थांबलं होतं, त्याच्या वर थांबणार नव्हतं. दोन पट्ट्या दोन दंडांना, तिसरी डाव्या पायाला वाळ्याखाली. सरकवायची तीच, बटणं जोडायची मी. ती खाटेवर कशिदा घेऊन बसायची. मी स्टुलावर, डोळे हिरव्या ठिपक्यावर, बोट कागदाच्या बटणावर. नवरा बाहेर बाकावर. पहिला दिवस कोरा गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी रेघ थरथरायला लागली म्हणून मी उठून बघितलं, तर एक पट्टी टिचबटणापाशी चिरली होती. निरोप गेला तसे उस्ताद नवी पट्टी खिशात घालूनच आले. चिरलेली पट्टी उलटसुलट करून बघितली आणि म्हणाले, बटणाखाली कापड दुहेरी पाहिजे होतं, चुकी माझी. त्या संध्याकाळी बसून त्यांनी तिन्ही पट्ट्यांना बटणाखाली दुहेरी कापड शिवलं.

तिसऱ्या दिवशी, जेवणाच्या वेळेच्या जरा आधी, ठिपका खाली आला आणि खालीच चालत राहिला. सपाट. थरथर नाही, उडी नाही, सैरावैरा धावणं नाही. माझं बोट कागदाच्या बटणावर दाबलं गेलं होतं. मी मनात मोजलं: एक, दोन, तीन, चार. तिच्या हातातली सुई खाली पडली आणि मान कलंडली. मी एका हाताने तिला धरलं. पाच. मग ठिपक्याने उडी मारली, पुन्हा मारली, आणि चालू लागला. तिने डोळे उघडले आणि सुई शोधायला लागली.

डॉक्टर धावत आले. त्यांनी कागद हातात घेतला, बघितला आणि जे मला भीती होती तेच बोलले, की पट्टी सुटली असेल. मी म्हटलं, नाही डॉक्टर, सुटली नाही. आयुष्यात एवढ्या ठामपणे मी फार थोडी वाक्यं बोलले आहे. तुम्हीच बघा, म्हटलं. त्यांनी तिची परवानगी विचारली, दंडाजवळ पट्टीचं मोकळं टोक धरून ओढून बघितलं. हलली नाही. दुसरीही नाही, पायाचीही नाही. मग ते खुर्चीत बसले आणि कागद मांडीवर सरळ करून पुन्हा बघत राहिले. त्या सपाट तुकड्यावर त्यांचा विश्वास बसला होता. उस्तादांनी इतके दिवस खपून काय तयार केलं होतं ते मला त्या मिनिटाला कळलं. पट्ट्या पुष्कळ जण करतील, पण रेघ सपाट झाली तर ती खरी मानता येईल असं काही आमच्या दवाखान्यात त्याआधी नव्हतं.

पुढे कितीतरी वर्षं त्या पट्ट्या आम्ही वापरल्या. हिंगोली जिल्हा झाला, नवी मशीनं आली, चांगल्या चिकटपट्ट्या पाकिटांतून यायला लागल्या, तरी तांड्यांवरच्या बायका आल्या की मी खणातून उस्तादांच्या पट्ट्यांचा डबा काढायचे. त्यांना कुणी कधी बक्षीस दिलं नाही, आणि त्यांनी कुणाला सांगितलंही नाही.

तिसऱ्या दिवशीच्या त्या कागदावरून त्या बाईला मोठ्या शहरात न्यायचं ठरलं. छातीत कातडीखाली एक छोटं यंत्र बसवायचं, ते हृदय थांबलं की त्याला ढोसतं. कागद समजावून सांगायला डॉक्टरांनी मला बरोबर पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी आलेख बघितला आणि पहिला प्रश्न तोच विचारला, वायर सुटली नव्हती कशावरून. मी पिशवीतून पट्टी काढून टेबलावर ठेवली. त्यांनी ती वाकवली, ताणली, कुणी केली ते विचारलं. मी म्हटलं, आमच्या गावच्या टीव्ही दुरुस्त करणाऱ्यांनी. त्यांनी ती आपल्याकडे ठेवून घ्यायची परवानगी मागितली. मला त्या वेळी उस्ताद शेजारी असायला हवे होते असं फार वाटलं.

ऑपरेशनच्या सकाळी सिस्टर ट्रे घेऊन आली आणि म्हणाली, दागिने, बांगड्या, सगळं उतरवा. मी पुढे झाले. मी भांडायच्याच तयारीने आले होते. ही बाई चुडा का काढत नाही ते मी आता दहा जणांना समजावून सांगू शकले असते. पण तिनेच माझा हात धरला.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "तुमी कागदासाठी काढायला लावलं न्हाई, पट्टी करून आणली. हे जिवासाठी हाय." मग दाराबाहेर उभ्या नवऱ्याकडे बघून म्हणाली, "पण त्यांनलाच काढू दे."

सिस्टरने आधी नाही म्हटलं, मग माझ्या तोंडाकडे बघितलं आणि त्याला आत सोडलं. तो खाटेच्या कडेला बसला. तांब्याभर पाणी आणि साबण मी आणून दिला. लग्नापासूनच्या तीसेक वर्षांत चुड्याच्या बांगड्या कोपरावरून खाली आल्या नव्हत्या. त्यांच्याखालची कातडी लेकराच्या कातडीसारखी गोरी आणि मऊ होती. तो एकेक बांगडी साबणाने भिजवायचा, फिरवायचा, थांबायचा, तिचं तोंड बघायचा आणि मग ओढायचा. सिस्टरसुद्धा घाई करायची विसरली. कोपराखालच्या बांगड्या त्याने ट्रेमध्ये ठेवल्या, पण चुड्यातली निघालेली प्रत्येक बांगडी तो आपल्या हातात चढवत गेला. दंडावरच्या मोठ्या होत्या, त्याच्या वाळलेल्या हातात बसल्या. सगळ्या निघाल्या तेव्हा तिचे हात मोकळे होते आणि त्याचे दोन्ही हात पांढऱ्या चुड्याने भरले होते.

तिला आत नेल्यावर आम्ही बाहेर बसलो. येणारे-जाणारे त्याच्याकडे वळून बघत होते. दोन पोरं हसली. मला इतका राग आला की मी उठलेच होते, पण त्याने मान हलवून मला बसवलं. तो म्हणाला, "चुडा माह्याच नावाचा हाय. माह्या हातात हाय, तवर तो निघाला कुठं?" मग पटका सारखा केला आणि पुन्हा दाराकडे बघत बसला. पन्नाशी उलटलेला, लिहायला-वाचायला न येणारा तो माणूस. माझ्या घरात शिकलेल्या सगळ्या शहाणपणाला एवढं नेमकं कधी बोलता आलं नव्हतं, असं मला वाटलं.

दुपारी तिला बाहेर आणलं. यंत्र नीट बसलं होतं. ती अर्धवट झोपेत होती, डोळे उघडून तिने आधी त्याला बघितलं, मग त्याचे हात बघितले, आणि हसली. उजव्या हातात त्याने लगेच सगळ्या बांगड्या परत चढवल्या. डाव्या दंडाला सलाईनची सूज होती. पहिली बांगडी कोपराशीच अडली. सिस्टर म्हणाली, सूज उतरेपर्यंत घालू नका, उद्या बघू. त्याने बांगडी बाजूला ठेवली, थोडा वेळ तिच्या मोकळ्या दंडाकडे बघितलं, आणि जिथे चुडा असायचा तिथे आपली बोटं दंडाभोवती हलकेच धरली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो तसाच बसून होता. मी त्याच्यासाठी भाकरी आणि पिठलं आणलं, ते त्याने दुसऱ्या हाताने खाल्लं.